चाक उचललं... पुढे काय?

मावशीचा फोन आला की दोनच विषय असतात. एक माझं लग्न, दुसरा तिच्या लेकाची बाईक. त्या दिवशी तिने पहिल्या विषयाला हातच लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं, मामला सीरियस आहे!

झालं होतं असं. माझ्या मावसभावाचा (आपण त्याला छोटू म्हणू, वय १९, उंची सहा फूट) एक व्हिडिओ फिरत फिरत फॅमिली ग्रुपवर आला. बीड बायपास, संध्याकाळची वेळ, बाईकचं पुढचं चाक हवेत, डोक्यावर हेल्मेट नाही आणि मागून मित्रांच्या आरोळ्या. 'तुझं ऐकतो तो. तू सांग त्याला,' मावशी म्हणाली. आवाज रडवेला होता.

मी सांगितलं. चांगलं पाऊण तास सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'ताई, तू कधी चाक उचललंयस? आधी करून बघ, मग बोल.'

घ्या! म्हटलं, ठीक आहे. करूनच बघू.

तसं बघितलं तर बाईकचं वेड आपल्या शहराला नवीन नाही. वाळूजला बजाजचा प्लान्ट १९८५ साली सुरू झाला आणि दुचाकी हा इथल्या कितीतरी घरांचा पोटापाण्याचा विषय झाला. २००१ मध्ये पल्सर आली. कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभं राहणाऱ्या पोरांची छाती दोन इंचांनी फुगली. मग २००४ मध्ये 'धूम' आला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, पण गल्लीतले दादा लोक जॉन अब्राहमसारखे केस वाढवून फिरायचे ते पक्कं आठवतंय. हायाबुसा कुणाकडेच नव्हती. स्टाइल मात्र सगळ्यांकडे होती! तेव्हाचं औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झालं, बाईक बदलल्या, पण पुढचं चाक उचलायची खाज तीच.

शोधाशोध करून मला एक गुरू भेटले. गॅरेज चालवतात, रविवारी स्टंट शिकवतात, सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणतात. माझी फर्माईश ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. 'बाजी, चक्का उठाना कोई बड़ी बात नहीं. नीचे लाना सीखना है तो आओ.'

क्लास कुठे? पैठण रोडच्या पुढे, ओळखीच्या एका काकांनी पाडलेल्या प्लॉटिंगमध्ये. सिमेंटचे रस्ते तयार, घर एकही नाही, गेटला कुलूप. काकांची रीतसर परवानगी घेतली. हेल्मेट, ग्लोव्हज, नी-गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट असा सगळा जामानिमा केला. आरशात बघितलं तर मी अंतराळात निघाल्यासारखी दिसत होते.

पहिल्या रविवारी इंजिन चालूच केलं नाही. खरंच! उस्तादची २०० सीसीची जुनी बाईक, मागे लोखंडी बार वेल्ड केलेला. मी सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, ते शिट्टी वाजवणार आणि मी उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबायचा. शंभर वेळा! 'पाव ब्रेक से हटा, तो खेल खतम.'

यामागचा फंडा दुसऱ्या रविवारी कळला. जोरात पिकअप घेतला की मागचं चाक बाईकला पुढे ढकलतं, पण आपलं आणि बाईकचं वजन जमिनीपासून वर असतं. ते मागे राहायला बघतं. त्यामुळे भार पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर सरकतो. पुढच्या चाकावर काहीच भार उरला नाही की ते उठतं. उठता उठता एक जागा अशी येते, जिथे सगळं वजन बरोबर मागच्या चाकाच्या वर असतं. हाच तो बॅलन्स पॉइंट. त्याच्या अलीकडे असाल तर पुढे खाली याल, पलीकडे गेलात तर पाठीवर. आणि पलीकडे निघालेल्या माणसाला परत आणणारी एकच गोष्ट आहे : मागचा ब्रेक. मागचं चाक मंदावलं की पुढचं खाली येतं.

थिअरी सॉलिड समजली. प्रॅक्टिकल तिसऱ्या रविवारी झालं. क्लच सोडला, चाक उठलं, समोर फक्त आकाश... आणि मी आनंदाने ओरडण्यात इतकी गुंग, की पाय विसरले. लोखंडी बार सिमेंटवर घासला, ठिणग्या उडाल्या आणि मी मागच्या मागे जमिनीवर बसले. माकडहाड दहा दिवस बोलत होतं. ऑफिस नाही म्हणून बरं, घरी उभ्याने लेख लिहिले.

पण खरा धडा पाचव्या रविवारचा. तोपर्यंत मला दोन-तीन सेकंद जमायला लागलं होतं. चाक हवेत असताना उस्तादची शिट्टी वाजली. मी ब्रेक दाबला, चाक दाणकन आपटलं. बघते तर दहा फुटांवर एक कुत्रं! ते कधी आलं, मला दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? समोर बाईकच उभी होती. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाक हवेत असतं तेव्हा हँडल वळवून दिशा बदलत नाही, पुढचा ब्रेक बिनकामाचा आणि समोरचा रस्ता झाकलेला. आपण नुसते बसलेले असतो. प्लॉटिंगमध्ये कुत्रं होतं. बीड बायपासवर कोण असेल?

जगात हे करणारे महारथी आहेत. अमेरिकेच्या डग डोमोकोसने १९८४ मध्ये एका चाकावर १४५ मैल कापले. जपानच्या यासुयुकी कुडोने १९९१ मध्ये तब्बल ३३१ किलोमीटर! म्हणजे इथून निघाला तर जवळजवळ मुंबईच गाठली. हॅट्स ऑफ. पण डोमोकोस रेसिंग ट्रॅकवर होता आणि कुडो गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेल्या बंद ट्रॅकवर. सिग्नलवरून सुटून कुणी हे केलेलं नाही.

रस्त्यावर केलं तर काय, तेही वाचून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक ड्रायव्हिंगच्या पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. आणि घरातल्या अल्पवयीन पोराने बाईक नेऊन गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड.

सहाव्या रविवारी मी छोटूला घेऊन गेले. उस्तादने फक्कीने एक रेघ मारली. 'शिट्टी बजी, चक्का इस लकीर के पहले नीचे. बस इतनाच.' पोरगं हसलं. चाक तर त्याने असं उचललं की मी बघतच राहिले. शिट्टी वाजली. रेघ मागे गेली, चाक हवेतच. दहा वेळा केलं, आठ वेळा रेघ ओलांडली. उस्ताद त्याला काही बोलले नाहीत. रेघेपलीकडे जिथे चाक टेकलं होतं, तिथे फक्त एक वीट नेऊन ठेवली.

छोटू त्या विटेकडे बराच वेळ बघत होता. 'ताई, इथे माणूस असता तर...' वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. मीही केलं नाही. माझा पाऊण तासाचा उपदेश त्या विटेपुढे शून्य होता.

त्याने बायपास कायमचा सोडला का? शप्पथ घेऊन सांगू शकत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराची गॅरंटी कोण देणार? पण घरी येताना हेल्मेटचा पट्टा त्याने न सांगता लावला. आणि पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या दारात हॉर्न वाजत होता. 'ताई, चल ना. आज रेघेच्या आत आणतो.'

मावशीचा परवा पुन्हा फोन आला. या वेळी विषय माझ्या लग्नाचा होता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!