घरभेट कागदावर, जबाबदारी कुणावर?



जमिनीच्या लढ्यात आरोग्याचा विषय कशाला, असं काहीजण विचारतील. पण ज्यांच्यासाठी जंगल-जमीन मागतोय ती पोरंच पहिल्या महिन्यात गेली, तर पट्टा कुणासाठी?

नव्या बाळाला घरी जाऊन बघायची योजना २०११ पासून आशाताईंमार्फत चालू आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा ६ भेटी. घरी झालं तर पहिला दिवस धरून ७. बाळाचं वजन करायचं, अंग गार पडलंय का, ताप आहे का, दूध ओढतंय का बघायचं. धोका दिसला तर दवाखान्यात पोचवायचं. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये.

योजना चांगली आहे. तिचं मूळ गडचिरोलीत. 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून हे करून दाखवलं. ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं, तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ साली हे जगापुढं आलं. पण तिथं प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू खरा मोजला जात होता. मोजला म्हणूनच कळलं.

आपल्याकडं काय चाललंय? पैसा सरकारचा, प्रशिक्षण आणि देखरेख संस्थेची. मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर बाळ बाराव्या दिवशी गेलं. कागद मागवला तर २१ व्या दिवसाची भेट भरलेली, शेरा 'बाळ ठीक'. तालुक्याला विचारलं, तर म्हणे देखरेख संस्थेकडं आहे. संस्थेला विचारलं, तर म्हणे माणसं सरकारची, आम्ही फक्त शिकवतो. दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं, आणि बाळाची आई मधे उभी राहिली.

सगळं खापर आशाताईवर फोडू नका. ती आपलीच बाई आहे, पावसात ओढा ओलांडून चार पाडे फिरते. त्या २५० रुपयांना अट घातली, की ४२ दिवस आई-बाळ सुखरूप पाहिजे. म्हणजे बाळ गेलं तर तिची मजुरी पण गेली. खरं लिहिलं तर दंड. मग कागदावर बाळं मरतील कशी?

२००१ मध्ये १३ संस्थांनी 'कोवळी पानगळ' अहवाल काढून सांगितलं होतं, की सरकारी नोंदीपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत. तेव्हा संस्था सरकारला जाब विचारत होत्या. आता संस्थाच सरकारबरोबर करार करून काम करते, तर जाब कोण विचारणार?

ग्रामसभा विचारणार. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार पंचायतीला आणि ग्रामसभेला दिलाय. २००५ च्या माहिती अधिकारात सरकारच्या मोठ्या पैशावर चालणारी संस्था पण येते. तेव्हा 'आमचे कागद खाजगी आहेत' हे ऐकून घेऊ नका.

येत्या ग्रामसभेत हे चार ठराव घ्या :

१) सरकार आणि संस्थेचा करारनामा आपल्या बोलीत वाचून दाखवावा. कुणी काय करायचं, किती पैसा आला, सगळं.

२) घरभेटींचा तक्ता दर महिन्याला आईला विचारून तपासावा. भेट झाली का, एवढंच विचारायचं. बाळंतिणीचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही.

३) प्रत्येक बालमृत्यूची नोंद गावात व्हावी, आणि त्यापायी आशाताईचा एक रुपया कापू नये.

४) तक्रार घेणाऱ्या एकाच अधिकाऱ्याचं नाव भिंतीवर लिहावं. उत्तर १५ दिवसांत लेखी, सरकार आणि संस्था दोघांच्या सहीनं.

वनखात्यानं महसूलकडं पाठवायचं, महसूलनं वनखात्याकडं, हा खेळ आपण दाव्यांच्या वेळी बघितलाय. ग्रामसभेचा ठराव हातात घेऊनच आपण तो मोडला. इथं पण तेच करायचंय. ठरावाची एक नक्कल आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात गावांची नावं छापू.

जिंदाबाद!