वेगास पाहायला जाताय?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंचा मोबाईल या हातातून त्या हातात फिरत होता. अमेरिकेची सहल नुकतीच झालेली. एका फोटोत काका-काकू आयफेल टॉवरपुढे उभे. 'अगं बाई, पॅरिसलाही जाऊन आलात?' कुणीतरी विचारलं आणि काकू हसत सुटल्या. 'पॅरिस कुठलं, लास वेगास ते!'

तर मैत्रिणींनो, आता आपल्या तालुक्याच्या गावांतूनही बायका मुलांकडे किंवा ग्रुप टूरने अमेरिकेला जातात. लॉस एंजेलिस आणि ग्रँड कॅन्यन करताना मध्ये वेगासचा मुक्काम बहुधा असतोच. 'जुगाराचं गाव, आपल्याला तिथं काय काम?' असं मीही म्हणायचे. भाचीकडे गेले असताना तिने आग्रहाने नेलं आणि खरं सांगते, डोळे दिपले. बेलाजिओसमोर साधारण आठ एकरांचं तळं, त्यात गाण्याच्या तालावर उसळणारी कारंजी. आत लॉबीच्या छताला काचेची सुमारे दोन हजार फुलं. शेजारच्या बागेत ऋतूप्रमाणे बदलणारी खऱ्या फुलांची आरास. या कशालाच तिकीट नाही! व्हेनिशियनमध्ये तर इमारतीच्या आत, वरच्या मजल्यावर कालवा आहे. रंगवलेल्या आभाळाखाली नावाडी गाणी म्हणत नाव वल्हवतो. त्याला मात्र पैसे पडतात. मिराज हॉटेलसमोरचा ज्वालामुखी बघायला १९८९ पासून रस्त्यावर गर्दी व्हायची. २०२४ मध्ये ते हॉटेलच बंद झालं. तिथं जुन्याचं कौतुक फार दिवस टिकत नाही.

पण एवढं सगळं फुकट दाखवणं परवडतं कसं? आपण बायका भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त दिली तरी शेवटी हिशेब बघतो, तसा इथंही बघावा. नेवाडा राज्याने मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटातलं हे गाव त्यावर उभं राहिलं. हॉटेलात जेवायला जा, नाहीतर खोलीकडे जा, वाट बहुतेक ठिकाणी जुगाराच्या दालनातूनच जाते. तिथं खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. बाहेर उजाडलं की मावळलं, पत्ता लागत नाही.

रुलेटचं चक्र म्हणाल तर त्यावर १ ते ३६ आकडे आणि शिवाय दोन शून्यं, म्हणजे एकूण ३८ घरं. समजा तुम्ही प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावला. खर्च झाले ३८. एक घर लागणारच, आणि हातात येतात ३६. दोन डॉलर मालकाचे, प्रत्येक फेरीला! यात फसवणूक काहीच नाही, सगळं उघड आणि नियमानुसार. अलीकडे काही टेबलांवर तिसरं शून्यही आलंय.

हे सगळं कळत असूनही, 'मावशी, एकदा तरी खेळून बघ गं' असं भाची म्हणाली आणि मी यंत्रात वीस डॉलरची नोट घातली. दहा मिनिटं दिवे लागले, घंटा वाजल्या, मग सगळं शांत. वीस डॉलर म्हणजे आपले हजार-दीड हजाराच्या वर रुपये. आमच्या बचत गटातल्या बाईची वर्षभराची बचत तेवढी होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पण खरी लाज सकाळी वाटली. खोली आवरणाऱ्या बाईसाठी निघताना टेबलावर दोन-चार डॉलर ठेवायची तिथं रीत आहे. मी पर्स उघडली आणि हात आखडला. 'दोन डॉलर म्हणजे किती झाले?' असा हिशेब सुरू! आदल्या रात्री यंत्रापुढे तो कुठं गेला होता?

या बायकांची गोष्ट मला नंतर कळली. हॅटी कँटी नावाची एक कृष्णवर्णीय बाई अलाबामातून आलेली. दहा मुलांची आई. १९७५ मध्ये नवरा गेला आणि ती हॉटेलातल्या खोल्या साफ करू लागली. हीच बाई १९९० मध्ये तिथल्या हजारो हॉटेल कामगारांच्या 'कलिनरी' युनियनची अध्यक्ष झाली. १९९१ मध्ये फ्रंटियर कॅसिनोच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला. सहा वर्षांहून अधिक काळ ते पाळीपाळीने दारावर उभे राहिले. एकही जण फुटला नाही. १९९८ मध्ये जिंकूनच आत गेले. आज ते फ्रंटियर हॉटेल उरलेलं नाही, युनियन मात्र आहे.

कोविडनंतर अनेक हॉटेलांनी रोजची सफाई कमी केली होती. वरवर वाटतं, बाईचं काम हलकं झालं. पण दोन दिवसांची खरकटी भांडी एकदम घासायला बसलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे! शिवाय खोल्या कमी म्हणजे कामाचे तास कमी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संपाची तारीख तोंडावर आली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी करार केले, आणि रोजची सफाई त्यात लिहून घेतली गेली.

म्हणून सांगते, वेगासला जरूर जा. कारंजी बघा, फुलं बघा, पायांत चांगल्या चपला घाला, कारण शेजारचं वाटणारं हॉटेल अर्धा तास चालल्याशिवाय येत नाही. यंत्रात पैसे घालायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण निघताना टेबलावर रोजचे दोन-चार डॉलर ठेवा. आपल्या टूर कंपन्या 'सोबत स्वेटर घ्या, लोणचं सामानात नीट बांधा' अशा सूचनांचा भलामोठा कागद देतात. त्यात ही एक ओळ छापायला काय हरकत आहे?

हळदीकुंकवाच्या दिवशी मी काकूंना हे विचारलं. त्या जरा गोरमोऱ्या झाल्या. 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं. पण रोज सकाळी पलंग मात्र मीच आवरून निघायचे. म्हटलं, तिला कशाला त्रास!'