डोळे चोळणारें पोर मठ्ठ नव्हे

शेतकरी व कारागीर बंधूंनो, गेल्या फाल्गुनांत आमच्या हातून एक अन्याय घडला, तो आधीं सांगतों. वर्गांतला एक मुलगा फळ्यावरचें उतरून घेईना. सारखा डोळे चोळी, उन्हाची खिडकी उघडली कीं मान खालीं घाली. आळशी म्हणून आम्हीं त्याला दोनदां उभा केला. तिसऱ्या दिवशीं जवळ घेऊन पाहिलें, तों डोळे लालबुंद, पापण्या जड आणि कोपऱ्यांत दोऱ्यासारखें चिपड. म्हणाला, "गुर्जी, रातीं खाज सुटली कीं झोपच लागत न्हाई."

जुन्या माणसांना खुपऱ्या ठाऊक आहेत. माश्यांनीं व एकाच फडक्यानें पुसलेल्या तोंडांनीं तो रोग घरभर पसरे. भारतांत तो सार्वजनिक संकट म्हणून उरला नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2024 च्या ऑक्टोबरांत जाहीर केलें. चांगलें झालें. परंतु या मुलाचा रोग निराळा. हा वावड्याचा डोळा. डॉक्टर त्यास ॲलर्जी म्हणतात. धूळ, पराग व ऊन यांनीं तो भडकतो, मुलग्यांत अधिक दिसतो आणि वर्षानुवर्षें उन्हाळ्यांत परत येतो. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं, तरी शेजारीं कोणी बसूं देत नाहीं. आणि परीक्षा येते तीही ऐन फाल्गुन-चैत्रांत! पोर कसब्याच्या तांबट आळींतलें असो कीं खळ्यावरचें, नापास झालें कीं 'ह्यांच्या डोक्यांत विद्या शिरत नाहीं' म्हणणारे शहाणे तयारच.

1882 सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें. आज पोर बाकावर बसलें आहे. पण फळ्याकडे पाहवतच नसेल, तर तें शाळेबाहेरच समजावें.

मांत्रिकाच्या अंगाऱ्याविषयीं आम्ही पूर्वीं पुष्कळ लिहिलें आहे. त्याहून मोठा घात बाटलींतून होतो. या मुलाचा बाप पुण्याच्या मंडईंत माळवें घेऊन जातो. येतांना एका दुकानांतून थेंबांची बाटली आणी. दोन दिवसांत लाली जाई, म्हणून दोन वर्षें तीच चालली. त्यांत स्टेरॉइड होतें. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तें विकूं नये असा कायदा आहे. देखरेखीवांचून फार दिवस घातलें तर डोळ्याच्या आंतला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूनें गेलेली नजर परत येत नाहीं, आणि दुखत नसल्यानें पोराला कळतही नाहीं.

मंडईपासून ससून रुग्णालय फार दूर नाहीं. तेथें डोळ्यांचा विभाग आहे. बाटली आणण्याच्या फेरींत पोरालाच न्या, जुनी बाटलीही दाखवा. तोंवर थंड पाण्याच्या घड्या ठेवा, उन्हांत टोपी घाला, डोळे चोळूं देऊं नका. चोळून चोळून बुबुळ पातळ होऊन पुढें येतें.

शाळेची आरोग्य-तपासणी थंडींत झाली, तर असे डोळे त्या दिवशीं निवळ असतात आणि कागदावर पोर निरोगी ठरतें. पुणें महानगरपालिकेनें व जिल्हा परिषदेनें डोळ्यांपुरती एक तपासणी फाल्गुनांत, परीक्षेच्या आधीं ठेवावी. आणि आमच्या शिक्षकबंधूंनीं पोराला उभें करण्यापूर्वीं त्याची पापणी पाहावी.