शिक्का मारता, तर मुदतही लिहा

चाकणच्या आसपासच्या एखाद्या शेतकऱ्याचा सातबारा हातात घेऊन बघा. खातेदारांची नावे, क्षेत्र, आकार सगळे जागच्या जागी असते आणि 'इतर हक्क' या रकान्यात औद्योगिक संपादनाची नोंद असते. गावात तिला 'शिक्का' म्हणतात. शिक्का पडला की बँक दारात उभे करत नाही, गिऱ्हाईक पाठ फिरवते, भावाभावांतली वाटणी अडून बसते. सरकारने जमीन घेतलेली नसते, पैसेही दिलेले नसतात. तरीही नवी विहीर खोदावी की नको, एवढेही मालकाला ठरवता येत नाही.

'जमीन तुमच्याच नावावर आहे ना, मग नुकसान कसले?' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. मालकी म्हणजे कागदावरचे नाव नव्हे. विकणे, गहाण टाकणे, वाटून देणे, बांधणे हे सगळे मिळून मालकी होते. ते काढून घेतले की उरतो फक्त शेतसारा भरण्याचा अधिकार.

दुसरा युक्तिवाद असा, की भाव वाढतच असतात, म्हणजे उशिराचा फायदा मालकालाच. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव धरतात तो प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेचा. निवाड्याला उशीर झाला, तरी मूळ भाव त्या तारखेलाच बांधलेला असतो. बेंगळुरू-म्हैसूर मार्गासाठी 2005 मध्ये ताबा घेऊन 2019 पर्यंत मोबदलाच न दिल्याच्या प्रकरणात, जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बाजारभावाची तारीख 2019 वर आणावी लागली. फायदा मालकाचा असता, तर त्याला दिल्लीपर्यंत जावे लागले असते का?

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत जास्त झोंबतो: 'इतकी वर्षे गप्प का बसलात?' नवी मुंबईतल्या शिरवणे गावच्या शेतकऱ्यांना हेच ऐकावे लागले. 1964 मध्ये संपादनाची अधिसूचना निघाली, पुढे जमीन गेली, मोबदला मात्र मिळालाच नाही. उच्च न्यायालयाने उशिराच्या कारणावरून याचिका फेटाळली. तुकाराम काना जोशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि संपादनाची नव्याने अधिसूचना काढायला लावली. उशीर केला सरकारने, आणि त्याचा जाब विचारला जात होता अडाणी शेतकऱ्याला!

आता राहिला उद्योगांचा मुद्दा. मुदतीची सक्ती केली तर कारखाने येणार नाहीत, असे म्हणतात. कारखाने यावेत, चाकणच्या पोरांना कामे मिळावीत, असे मलाही मनापासून वाटते. पण 2013 च्याच कायद्यात अंतिम घोषणेनंतर निवाड्यासाठी बारा महिन्यांची मुदत आहे आणि ती टळली तर संपादन रद्द होते. औद्योगिक संपादन ज्या 1961 च्या राज्य कायद्याने चालते, त्याच्या 32 व्या कलमात नोटिशीनंतर किती दिवसांत निकाल लावायचा, याची मुदत नाही. नगररचना कायद्याच्या 127 व्या कलमात ती आहे. आरक्षणाला दहा वर्षे झाली की मालकाने खरेदीची नोटीस द्यायची. त्यानंतर सरकारला पूर्वी सहा महिने मिळत. 2009 मध्ये त्याचे बारा झाले, 2015 मध्ये चोवीस. प्रत्येक वेळी सवलत वाढली ती उशीर करणाऱ्याचीच.

पिंपरी-चिंचवडमध्ये तर याहून वेदनादायक घडले. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. 1983 पर्यंत ज्यांच्या जमिनी गेल्या, ते साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी हेलपाटे मारत राहिले. 2021 मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले, प्रश्न मात्र तसाच राहिला. परताव्याबाबत मंत्रिमंडळाचा निर्णय झाला 2024 मध्ये. ज्यांनी बैल सोडून शेत दिले, त्यांतले किती जण तो ऐकायला होते?

मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या 300 अ कलमात दडलेले सात हक्क उलगडून सांगितले. संपादन वेळेत व्हावे आणि ते पूर्णत्वाला जावे, हे त्यांतलेच दोन. राज्याने ते 1961 च्या कायद्यात आता शब्दांत लिहावेत. नोटिशीवरच शेवटची तारीख छापावी. तोवर निवाडा झाला नाही, तर अडकलेल्या वर्षांची भरपाई द्यावी आणि दुसऱ्याच दिवशी तलाठ्याने आपणहून शिक्का काढावा. त्यासाठी शेतकऱ्याला अर्ज घेऊन तालुक्याच्या गावी, राजगुरुनगरला, एकही खेप घालावी लागू नये.