स्टर्लिंगची सोनेरी भिंत

स्कॉटलंडच्या उत्तर आणि दक्षिण भागांना जोडणारी वाट शतकानुशतके फोर्थ नदीवरच्या स्टर्लिंगच्या पुलावरून गेली. त्या पुलावर नजर ठेवणाऱ्या कातळावर स्टर्लिंगचा किल्ला आहे. स्कॉट आणि इंग्रज यांच्यातली १२९७ ची पुलाजवळची लढाई आणि १३१४ ची बॅनकबर्नची लढाई याच परिसरात झाली. बॅनकबर्न जिंकल्यावर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने किल्ल्याची तटबंदी स्वतःच पाडून टाकली, इंग्रजांना पुन्हा तिचा आसरा मिळू नये म्हणून. त्यामुळे आज दिसणाऱ्या मुख्य इमारती बहुतांशी १४९० ते १६०० या काळातल्या आहेत.

त्यांत ग्रेट हॉल सर्वांत भव्य. स्कॉटलंडचा राजा चौथ्या जेम्सने बांधलेले हे मेजवान्यांचे दालन १५०३ च्या सुमारास पुरे झाले. त्याला ऊब देण्यासाठी पाच शेकोट्या होत्या, आणि वर ओकच्या तुळयांचे उंच छत. शेजारचा राजवाडा पाचव्या जेम्सचा. त्याची राणी मारी द गीज फ्रान्सची, आणि वाड्यावरही फ्रेंच कारागिरांचा हात फिरलेला. बाहेरच्या भिंतींवरच्या शिल्पांत देव-देवता आहेत, सैतान आहे, स्वतः दाढीवाला राजाही आहे. किल्ल्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने आधी हे वाचावे, अशीच ती रचना आहे.

१६०३ मध्ये सहावा जेम्स इंग्लंडचा राजा होऊन लंडनला गेला आणि दरबाराचे वैभव ओसरले. पुढे लष्कराने हॉलचे मूळ छत काढले, आत मजले घातले आणि त्याची बराक केली. १९६४ मध्ये लष्कर गेले, मग जीर्णोद्धाराला तीन दशकांहून अधिक काळ लागला. १९९९ मध्ये नवे ओकचे छत आणि पिवळसर सोनेरी चुन्याची रंगसफेदी घेऊन हॉल लोकांसमोर आला. राखाडी दगडाची सवय झालेल्या अनेक गावकऱ्यांना तो रंग भडक वाटला. मला तो योग्य वाटतो. जुन्या रंगाचे अवशेष तपासूनच तो ठरवला होता, आणि उघडा दगड म्हणजे जुनेपणा ही समजूत फार नंतरची आहे. चुन्याचा थर पावसापासून भिंत राखतो आणि तिच्यातला ओलावा बाहेरही पडू देतो. स्कॉटलंडच्या हवेत हे सोंग नव्हे, गरज आहे.

मात्र जीर्णोद्धार करताना एक शतक निवडावे लागते, आणि त्यासाठी दुसरे पुसावे लागते. इथे बराकीचे शतक पुसले गेले. स्टर्लिंग हे आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या ब्रिटिश पलटणीचे ठाणे होते. १८८१ मध्ये या पलटणीत विलीन झालेली ९३ वी हायलँडर्स नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत बंडखोर शिपायांविरुद्ध लढली होती. तिथली कत्तल भारताच्या इतिहासाचा भाग आहे, तितकीच या किल्ल्याच्याही. पलटणीचे संग्रहालय किल्ल्यात आहे, हे खरे. तरीही हॉलच्या एका टोकाला सैनिकांनी घातलेला एखादा मजला, एखादा जिना तसाच ठेवायला हवा होता. राजांच्या मेजवानीची जागा साम्राज्याची छावणी कशी झाली, हे पाहणाऱ्याला तिथेच, त्याच छताखाली कळले असते.