चहालाही वेळ असते!

'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो' हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, तो नक्की इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असणार, तोही सबमिशनच्या आठवड्यातला! लेक्चर बंक केलं म्हणून चहा, लेक्चरला बसलो म्हणून चहा, केटी लागली की चहा आणि सुटली तरी चहाच. मुलांना टपरी आहे; आम्हा मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं, म्हणून रूमवर केटल. याला माझी काही हरकत नाही, मी स्वतः पक्की चहाबाज आहे. हरकत आहे ती एकाच चहाला. रात्री अकरानंतर 'आज नाइट मारायची' म्हणून घेतलेल्या चहाला.

आपला समज असा, की चहाने शरीराला जादा एनर्जी मिळते. तसं नाहीये. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या रिसेप्टरवर जाऊन बसलं की झोप येऊ लागते. चहातल्या कॅफिनची रचना त्याच्याशी मिळतीजुळती, त्यामुळे ते त्याच जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन मात्र कुठे जात नाही. बाईकचं पेट्रोल संपत आलंय, लाल दिवा लागलाय, आणि आपण त्या दिव्यावर चिकटपट्टी लावली, असा हा प्रकार. दिवा दिसत नाही, पण टाकीत पेट्रोल काही वाढलेलं नसतं.

आता थोडं गणित. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांनुसार एका वेळच्या चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. शरीरात त्याची हाफ लाइफ सरासरी ५ तास. माणसागणिक ती कमीजास्त होते. रात्री बाराला दोन कप घेतले, म्हणजे धरा १०० मिलिग्रॅम. पहाटे तीनला 'दोन तास पडते' म्हणून आडव्या झालात, तर त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त अजून ड्यूटीवर! पाचला निम्मं, आणि दहाला पेपर हातात पडतो तेव्हाही पाव हिस्सा शिल्लक. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली. हा डोस आपल्या दोन कपांपेक्षा बराच मोठा आहे हे खरं, पण आपण तरी सहा तास कुठे थांबतो?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "मला तर चहा पिऊनही मस्त झोप लागते." लागत असेल. पण कॅफिनमुळे त्या झोपेतला गाढ भाग कमी होतो. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. म्हणजे पाठांतरासाठी घेतलेला चहा पाठांतराच्याच मुळावर येतो.

चहाची बाजूही मांडायला हवी. कॅफिनमुळे लक्ष लागतं, रिअ‍ॅक्शन टाइम सुधारतो, हे खरं आहे. शिवाय चहात एल-थिअनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, जे जपानमध्ये १९४९ साली सापडलं. कॅफिन आणि ते मिळून एकाग्रता वाढते असं काही प्रयोगांत दिसलंय, पण त्यांतला थिअनिनचा डोस आपल्या कटिंगमधल्यापेक्षा सहसा बराच मोठा असतो. आणि लक्ष लागलं तरी न समजलेलं डेरिव्हेशन समजत नाही राव!

मूडचं काय? रोज पिणाऱ्याला एखादा दिवस चहा मिळाला नाही की डोकं दुखतं, चिडचिड होते. मग पहिल्या घोटाला जे 'हाऽऽश' होतं, त्यातलं थोडं तरी आधीची तलफ भागल्याचंच असतं. बाकीचं सुख, माझ्या मते, सोबतीचं. टपरीपर्यंतचं चालणं, फालतू जोक्स, एकाचे पैसे दुसऱ्याने देणं. ते रूमवर एकटीने केटल लावून मिळत नाही.

हे सगळं फक्त मार्कांपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण आपल्यातले कितीतरी जण रात्रभर जागून सकाळी टू-व्हीलरवरून पेपरला येतात. हायवेवर क्षणभर लागलेली डुलकी चहाने थांबतेच असं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर लवकर झोपण्यावर लेक्चर द्यायच्या, तसलं लेक्चर मला द्यायचं नाही. दोनच सूचना आहेत. एक सरांना आणि मॅडमना: सगळ्या विषयांची जर्नल्स एकाच आठवड्यात मागू नका, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी तपासा. निम्म्या नाइट्स आपोआप बंद होतील. दुसरी आपल्याला: शेवटचा चहा संध्याकाळी पाचच्या आत, आणि पेपरच्या आदल्या रात्री निदान सहा तास झोप.

तर मंडळी, पीएलमध्ये चार वाजता टपरीवर भेटा, कटिंग माझ्याकडून. रात्री दोनला मात्र केटल मागायला आलात, तर दार उघडणार नाही!