वेष्टनावरील अक्षरे कोणासाठी?

संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली गेली, तर तोंडात व्रण पडतात, रक्तातील पेशी घटतात आणि प्रसंग प्राणावर बेततो. असा धोका असणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर रोग्यास काय वाचावयास मिळते? बारीक अक्षरे, आणि तीही बहुधा इंग्रजी! बाकी सारा भरवसा दुकानदाराने पाकिटावर घाईने खरडलेल्या '१-०-१' या आकड्यांवर; त्यांत आठवड्यास जागाच नसते.

कायदा नाही असे नव्हे. १९४० चा कायदा व १९४५ चे नियम यांनी औषधाचे नाव, घटक, उत्पादनाचा क्रमांक, मुदत हे सारे छापणे बंधनकारक केले आहे. २०१८ पासून बहुतांश औषधांचे मूळ नाव व्यापारी नावाहून मोठ्या अक्षरांत छापावे लागते. २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोडही आला. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. परंतु हा मजकूर निरीक्षकास, डॉक्टरास व व्यापाऱ्यास उद्देशून आहे. जो औषध गिळणार त्यास उद्देशून नव्हे. क्रोसिन आणि डोलो या दोहोंत पॅरासिटॅमॉल हेच औषध आहे, हे ज्यास उमगत नाही तो दोन्ही घेऊन आपल्या यकृतास अपाय करून घेण्याचा संभव असतो. पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की मुदतीची तारीख पुष्कळदा दुकानातच राहते.

भाषा अनेक आणि वेष्टन लहान, अशी सबब पुढे केली जाते. युरोपीय संघाच्या राजभाषा २४ आहेत; तरीही तेथे औषधावरील मजकूर त्या त्या देशाच्या भाषेत असतो, आणि २००४ च्या निर्देशानुसार अंधांसाठी औषधाचे नाव ब्रेल लिपीतही उठविले जाते. आपल्याकडे तर अनेक दुकानांत बिल यंत्रावर छापले जाते. त्याच यंत्रावर औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि मुदत मराठीत, ठळक अक्षरांत छापून पाकिटावर डकविणे अशक्य आहे काय?

केंद्र सरकारने प्रादेशिक भाषेची आणि प्रत्येक गोळीमागे मुदत छापण्याची सक्ती करावी. तोवर राज्य सरकारने व औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी या छापील चिठ्ठीचा प्रघात पाडावा. आणि सुशिक्षित ग्राहकाने ती मागून घ्यावी. त्याच्याही घरी चष्मा लावून पट्टी न्याहाळणारे वृद्ध आईवडील असतातच.